कापड कोण चाचपतं?

दुपारचे साडेबारा. पुण्यात कर्वेनगरमधल्या मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी डिलिव्हरीवाल्याची दुचाकी थांबते. सकाळी हबवर, म्हणजे कंपनीच्या वाटप केंद्रावर, त्याने पार्सलं रूटप्रमाणे पिशवीत भरलेली असतात. शेवटी द्यायची तळाशी, आधीची वर. "ताई, पार्सल आलंय. ओटीपी तयार ठेवा." त्याच्या परवानगीने मी आज त्याच्यासोबत फिरते आहे.

खाली आलेली मुलगी आजचं एक पाकीट घेते आणि आधी आलेली दोन परत देते. एकच कुर्ता तिने तीन मापांत मागवला होता. 'मीडियम' बसला, बाकीचे दोन परत चालले. तो पाकीट उघडतो आणि मोबाइलवरच्या फोटोशी रंग ताडून पाहतो. माप, टॅग, शिवण बघून झाली की कुर्ता उलटा करतो. काखेत घामाचा डाग नाही ना, गळ्याला पावडर लागलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहतो. मग फोटो काढतो. "टॅग तुटलेला घेतला, तर हबवर मलाच जाब विचारतात," तो म्हणतो.

ही तपासणी पूर्वी लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात व्हायची. आई कापड अंगठ्याने चोळून बघायची, दुकानदार ठाणावर ठाण उलगडायचा. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि तो स्पर्शच बंद झाला. सुरुवातीला घरपोच फक्त जीवनावश्यक वस्तू मिळत. कपड्यांसारख्या वस्तूंना मे महिन्यापासून टप्प्याटप्प्याने मुभा मिळाली. आलेला खोका आम्ही पुसून उन्हात ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी उघडायचो.

वसतिगृहातल्या या मुलीची दहावी तेव्हा सुरू झाली होती. ऑनलाइन वर्गामुळे फोन तिच्या हातात असायचा. त्यामुळे आजीच्या गोळ्यांपासून भावाच्या वह्यांपर्यंत सगळं तीच मागवायची. घरातल्या खरेदीचा निर्णय पंधराव्या वर्षी तिच्याकडे आला, तो तिच्याकडेच राहिला. नोटांना हात लावायचीही भीती होती, म्हणून वडिलांनी यूपीआय सुरू केलं. देशात एप्रिल २०२० मध्ये यूपीआयचे सुमारे १०० कोटी व्यवहार झाले होते, ऑक्टोबरमध्ये २०७ कोटींहून अधिक. त्यात सगळ्या वयांचे लोक आहेत. पण घराघरांत मोठ्यांना क्यूआर कोड स्कॅन करायला शिकवणारी तिच्याच वयाची मुलं होती.

हाताने पारखता येईना, तेव्हा ती डोळ्यांनी पारखायला शिकली. पाच ताऱ्यांचे अभिप्राय ती वाचतच नाही, दोन-तीन ताऱ्यांचे वाचते. गिऱ्हाइकांनी दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो बघते, कारण कापडाचा खरा रंग तिथे कळतो. ही हुशारी मला मनापासून आवडली. तरीही मापाची खात्री होत नाही. मग तीन मागवायचे आणि दोन परत करायचे. परत करायला पैसे पडत नाहीत, असं तिला वाटतं. ती दोन पाकिटं घेऊन डिलिव्हरीवाला उन्हातून पुन्हा हबवर जातो, हे तिच्या नजरेआड राहतं.

संध्याकाळी शेवटच्या इमारतीत तो चौथ्या मजल्यावर चढतो. दार उघडणाऱ्या मुलीच्या टेबलावर शिंप्याची टेप पडलेली असते. अंगाला नीट बसणारा जुना कुर्ता मोजून, मापांच्या तक्त्याशी जुळवून ती एकच मागवते. जिना उतरताना तो सांगतो, "या ताईंकडे वर्षभर येतोय. अजून एकही रिटर्न नाही."