दाढीची खाज

दाढी राखण्याची कारणे अनेक असतात. कोणी श्रावण पाळतो. कोणाच्या घरी सुतक असते. कोणी नवस बोललेला असतो, तर कोणाला नुसती हौस असते. कारण कोणतेही असो, चार-सहा दिवस झाले की हात आपोआप हनुवटीकडे जातो. पारावर बसले तरी खाजवणे, कीर्तनाला बसले तरी खाजवणे! मग कोणी कंटाळून वस्तरा फिरवतो. कोणी शेजारी सांगेल ते मलम चोपडतो.

अशी घाई करू नये. आधी खाज कसली आहे, ते ओळखावे. साधी खाज घरच्या उपायांनी जाते. रोगाची खाज मात्र घरच्या उपायांनी जात नाही. उलट ती वाढते, आणि घरातल्या बायकामुलांनाही लागू शकते.

साधी खाज का सुटते?

ज्वारी काढल्यावर रानात धसकटे राहतात. अनवाणी चालले की ती पायाला टोचतात. विळ्याने कापल्यामुळे त्यांना टोक आलेले असते. दाढीच्या केसाचेही तसेच आहे. न कापलेला केस टोकाला निमुळता आणि मऊ असतो. वस्तऱ्याने कापला की त्याचे टोक धारदार होते. केस जरा वाढला की हे टोक बाजूच्या कातडीला घासते. म्हणून खाज सुटते.

दाढीचा केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. पहिले तीन-चार आठवडे तो आखूड आणि ताठ असतो. पुढे तो लांब होतो, वाकतो, आणि टोचणे कमी होते. तेव्हा एवढे दिवस धीर धरला, तर ही खाज आपली आपणच जाते.

दुसरे कारण म्हणजे कोरडेपणा. आपली कातडी स्वतःचे थोडे तेल तयार करते. त्या तेलाने ती मऊ राहते. कपड्याच्या साबणाने तोंड धुतले किंवा कढत पाणी घेतले, तर हे तेल निघून जाते. थंडीच्या दिवसांत तर कातडी आणखी फुटते.

तिसरे कारण मळ. घाम, धूळ, मळणीचा भुसा हे सारे दाढीत अडकून बसते. वरवर तोंड धुऊन ते निघत नाही.

घरचे उपाय

रोज एकदा कोमट पाण्याने दाढी धुवावी. अंगाचा साधा साबण घ्यावा. बोटांची टोके केसांच्या आत, थेट कातडीपर्यंत न्यावीत. मग भरपूर पाण्याने साबण काढावा. साबण आत राहिला तर त्याचीही खाज सुटते, बरं का!

नंतर स्वच्छ पंचाने टिपून घ्यावे, खसाखसा पुसू नये. दाढी थोडी ओलसर असतानाच खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब तळहातावर घेऊन कातडीला चोळावेत. चार-पाच थेंब पुरेत. तेल ठिबकू लागले, तर त्यावर धूळच बसेल.

खाज फारच सुटली तर थंड पाण्यात भिजवलेली फडकी पाच-दहा मिनिटे दाढीवर धरावी. नखे कापलेली ठेवावीत. नखाने कातडी सोलते, नखातली घाण आत जाते, आणि मग पू होतो.

लिंबू, चुना, रॉकेल असले काही दाढीला लावू नये. त्याने कातडी भाजते. तंबाखू मळलेला हातही तोंडाला लावू नये, कारण त्याला चुना असतो. फवारणी करून आल्यावर आधी हात आणि मग तोंड साबणाने धुवावे. फवाऱ्याचे विष दाढीत धरून राहते.

रोज दाढी करणाऱ्यांनी आधी कोमट पाण्याने केस मऊ करावेत. केस ज्या दिशेने वाढतात, त्याच दिशेने वस्तरा चालवावा. उलटा हात फिरवून फार गुळगुळीत केली, तर कुरळे केस कातडीच्या आतच वळतात. तिथे फोड येतात आणि खाज सुटते.

रोगाची खाज कशी ओळखावी?

दाढीत पांढरे-पिवळे पापुद्रे दिसतात. भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही ते असतात. हा कोंडा होय. कोंडा असला तर तेल लावू नये. त्याने तो वाढतो. कोंड्याचा औषधी शॅम्पू मिळतो. तो लावून पाच मिनिटे ठेवावा आणि धुऊन टाकावा.

केसांच्या मुळाशी पिवळ्या तोंडाच्या पुळ्या येतात. त्या पिळू नयेत. त्या पुन्हा पुन्हा येत असतील तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेह असला की अशा पुळ्या लवकर बऱ्या होत नाहीत.

काळी मेंदी किंवा कलप लावल्यावर एक-दोन दिवसांत दाढी लाल होते, सुजते, आग होते. तो कलप पुन्हा कधीही लावू नये. डोळे सुजले किंवा श्वास लागला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

खाज दाढीबरोबर पापण्यांवर आणि मानेवरही असेल, तर गाजरगवताची शंका घ्यावी. यालाच कोणी काँग्रेस गवत म्हणतात. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत आले आणि पुढे देशभर पसरले. त्याचा बारीक कण वाऱ्याने उडून अंगावर बसतो. हे गवत उघड्या हातांनी उपटू नये.

आता नायटा. कातडीवर गोल चट्टा येतो. त्याची कड लाल आणि खवलेदार असते. दाढीत तो झाला तर केस सहज निघून येतात. कधी मोठ्या, दुखऱ्या गाठी येऊन त्यांतून पू वाहतो. हा नायटा माणसापासून माणसाला लागतो, तसाच गुरांपासूनही लागतो. वासराच्या डोळ्यांभोवती किंवा मानेवर करडे-पांढरे, खपलीचे गोल चट्टे दिसले, तर त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. गुरांच्या डॉक्टरांनाही दाखवावे.

दुकानातल्या मलमाचा धोका

येथेच पुष्कळ लोक फसतात. नायटा झाला की दुकानात जाऊन म्हणतात, "काहीतरी जालीम मलम द्या." मलम मिळते. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. माणूस खूश होतो आणि दुसऱ्यालाही तेच सांगतो.

पण अशा अनेक मलमांत स्टिरॉइड नावाचे औषध असते. ते खाज दाबते. नायटा मारत नाही. कातडीची रोगाशी झगडण्याची ताकद मात्र ते कमी करते. वरून बरे दिसते आणि आतून नायटा पसरतो. मलम थांबवले की तो दुप्पट जोराने उठतो. जास्त दिवस लावले तर कातडी पातळ होते, तिचा रंग जातो. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची १४ औषधे असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती मागून मिळतात.

आता आपल्याला वाचता येते. त्याचा येथे उपयोग करा. 'बीटामेथासोन' आणि 'क्लोबेटासोल' ही स्टिरॉइडची दोन नावे वहीत उतरवून ठेवा. ट्यूबवरची अक्षरे बारीक आणि बहुधा इंग्रजी असतात. घरातल्या शिकत्या मुलीला किंवा मुलाला ती वाचायला सांगा. यांतले नाव निघाले आणि डॉक्टरांनी ते लिहून दिलेले नसेल, तर ते मलम नायट्याला लावू नका.

दाढीतला नायटा केसांच्या मुळापर्यंत जातो. मलम तिथवर पोहोचत नाही. डॉक्टर पोटात घेण्याच्या गोळ्या देतात. त्या काही आठवडे घ्याव्या लागतात. खाज थांबली म्हणून मध्येच सोडल्या, तर दुखणे उलटते. घरात आणखी कोणाला चट्टे असतील, तर सगळ्यांनी बरोबरच औषध घ्यावे. पंचा, उशीचा अभ्रा आणि फणी ज्याची त्याला वेगळी असावी.

न्हाव्याच्या दुकानात

दाढी करून घेताना नवे पाते लावायला सांगावे. "दादा, पाते नवीन घाला," एवढेच म्हणायचे. त्यात कोणाचा अपमान नाही. एका पात्याने दोघांची दाढी केली, तर एकाचे रक्त दुसऱ्याला लागू शकते. काविळीचा एक वाईट प्रकार, हिपॅटायटिस बी, असाही पसरतो. तुरटीचा एकच खडा दहा जणांच्या तोंडावर फिरवणेही बरे नाही. तुरटीचा छोटा खडा घरून न्यावा. त्याला फारसा खर्च येत नाही.

दवाखान्यात कधी जावे?

चार आठवडे झाले तरी खाज कमी नाही, गोल चट्टा आहे, पू येतो, केस गळून तिथे टक्कल पडते, ताप येतो किंवा गळ्याला गाठी येतात, यांतले एक जरी दिसले तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. जाताना, आधी लावलेल्या मलमाची ट्यूब बरोबर न्यावी. ती रिकामी असली तरी न्यावी, आणि लाज न धरता डॉक्टरांना दाखवावी. काय लावले होते ते कळले, म्हणजे त्यांना योग्य औषध देता येते.