मातीचा काढा

हंड्यातील गढूळ पाणी रात्रभर स्थिर ठेवले असता गाळ तळाशी बसतो. परंतु काही ओढ्यासरोवरांच्या पाण्यास चहासारखा असा तांबूस रंग असतो, की तो कितीही काळ ठेवला तरी बसत नाही. हा रंग म्हणजे मातीने केलेला काढाच होय.

पाने, मुळे, शेवाळ ही कुजली म्हणजे त्यांचा काही अंश पावसाच्या पाण्यात विरघळतो. मातीतील लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे त्यातील बराच भाग धरून ठेवतात. उरलेला ओढ्यास मिळतो. मोठ्या पावसात पाणी मातीच्या वरच्या थरांतूनच वाहते, म्हणून तेव्हा काढा दाट होतो. पुढे सूक्ष्मजंतू व सूर्यप्रकाश त्याचा काही भाग मोडून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेस परत देतात. काही भाग तळाशी राहतो, तर काही समुद्रास जातो.

1990 नंतर नॉर्वे, स्वीडन, ब्रिटन इत्यादी देशांतील अनेक सरोवरे अधिकाधिक तांबूस होऊ लागली. 2007 साली मॉन्टिथ प्रभृति संशोधकांनी युरोप व उत्तर अमेरिकेतील 522 जलाशयांची माहिती तपासून जे कारण दाखविले, ते वाचून आम्हांस नवल वाटले. पूर्वी कोळशाच्या धुरातील गंधकाने पाऊस आम्लधर्मी होई व त्यायोगे हे द्रव्य मातीतच अडकून राही. 1985 साली हेलसिंकी येथे अनेक राष्ट्रांनी गंधकाचे प्रमाण 30 टक्क्यांनी घटविण्याचा करार केला. पुढे पाऊस निवळला आणि मातीची मूठ सैल झाली. अर्थात पाण्याचे तांबूस होणे हे अंशतः पूर्वस्थितीकडे परतणेच होते. उष्णता व पर्जन्यमान यांचाही त्यात भाग आहेच.

मग गृहस्थाने याची चिंता का करावी? हे द्रव्य स्वतः विष नव्हे. परंतु क्लोरीनशी त्याचा संयोग झाला म्हणजे क्लोरोफॉर्मसारखे अनिष्ट पदार्थ उत्पन्न होतात. रॉटरडॅम येथील रूक यांनी 1974 साली हे दाखवून दिले. म्हणून क्लोरीनच सोडावे काय? मुळीच नाही, पटकी व विषमज्वर यांचे भय त्याहून मोठे आहे. उपाय क्रमात आहे. आधी तुरटी घालून हे द्रव्य शक्य तितके खाली बसवावे, पाणी गाळावे, मग क्लोरीन द्यावे. आमच्या घरांतील वृद्ध स्त्रिया हंड्यात तुरटी फिरवीत, तीच युक्ती मोठ्या जलशुद्धिकेंद्रांतही चालते. मात्र केवळ तुरटीने जंतू मरतात असे समजू नये. घरी पाणी उकळणे हेच उत्तम.

तात्पर्य, नळाचे पाणी कसे येईल हे दूर डोंगरावरची माती ठरविते. त्या रानाची व दलदलीची निगा राखली, तर जलशुद्धीचे निम्मे काम तेथेच होईल, असे आम्हांस वाटते.