रिमोटच्या गाडीची बॉडी तडकली तर

जत्रा झाली की पुढचे पंधरा दिवस आमच्या गटाच्या बैठकीत एक तरी रिमोटची गाडी येतेच. मोटार चालू, चाकं चालू, रिमोटही धड. बॉडी तेवढी पुढून तडकलेली. एका दिवसाची मजुरी त्या गाडीत गेलेली असते, म्हणून टाकवतही नाही. मग घरी काय होतं? कुणी झटपट चिकटणारा गोंद ओततं, कुणी उलथनं तापवून चटका देतं. चार दिवसांत तडा पुन्हा उघडतो, आणि आधीपेक्षा बोटभर लांब होतो.

असं का होतं? तड्याचं टोक सुईच्या टोकाएवढं बारीक असतं. गाडी भिंतीवर आदळली की सगळा ताण त्या टोकावर येतो आणि प्लास्टिक तिथून पुढं फाटतं. लुगड्याची चीर कशी पुढं पुढं जाते, तसंच. तिथं आपण चिरेच्या टोकाला टाके घालतो. प्लास्टिकला टाका घालता येत नाही, म्हणून टोकाला बारीक गोल भोक पाडायचं. मग ताण गोलाईभर वाटला जातो आणि तडा तिथंच थांबतो. हे भोक न पाडता कितीही महाग गोंद लावा, तडा थांबेलच असं नाही.

पण आधी प्लास्टिक ओळखायचं. बॉडी आतून बघा, काही ठिकाणी ‘एबीएस’ ही इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. नसतील तर तुटलेला कपचा पाण्याच्या पेल्यात टाका. बोटानं बुडवून सोडा, नाहीतर बुडबुड्यांमुळं तो उगाच वर राहतो. बुडाला तर बहुतेक एबीएस किंवा तसंच कडक प्लास्टिक, ते चिकटतं. वर तरंगला तर ते बादली-डब्याच्या जातीचं, म्हणजे पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, साधा गोंद त्यावर टिकत नाही. आणि इथंच एक गोष्ट ठासून सांगतो: फवारणी पंपाची टाकीही बहुधा याच तरंगणाऱ्या जातीची असते. ती चिकटवून पाठीवर घेऊ नका. गाडीचा सांधा सुटला तर पोरगं रडेल. टाकीचा सुटला तर औषध पाठीवर उतरेल. टाकी बदलायचीच.

आता बुडणाऱ्या जातीची दुरुस्ती. सगळ्यात आधी बॅटरी काढा. खालचे स्क्रू उघडून बॉडी हळू उचला. दिव्यांच्या तारा बॉडीलाच जोडलेल्या असतात, हिसका दिला की तुटतात. बॉडी साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. तेलकट हाताचा डाग राहिला तरी गोंद सुटतो. तड्याच्या दोन्ही बाजूंना हलकं दाबा, म्हणजे टोक नेमकं कुठं आहे ते दिसेल. तिथं दीड-दोन मिलिमीटरचं ड्रिलचं बिट बोटांनी फिरवून भोक पाडा. मशीन लागत नाही.

मग बॉडी उलटी करा. काम आतून करायचं, बाहेरून ठिगळ दिसायला नको. तड्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर जागा पॉलिश पेपरनं खरवडा. पीओपीवाले सांध्यावर लावतात ती जाळीची पट्टी तिथं बसेल एवढी कापा. दोन ट्यूबांचा इपॉक्सी गोंद मिळतो, त्यातले दोन्ही भाग सारखे घेऊन नीट कालवा. एक भाग जास्त घातला तर लवकर सुकेल असं वाटतं, पण तसं होत नाही, उलट चिकट राहतो. पातळ थर, वर जाळी, परत थर. तड्याच्या कडा जुळवून बाहेरून चिकटपट्टी लावा आणि रात्रभर हात लावू नका. पोराला सांगून ठेवा, नाहीतर पहाटेच गाडी अंगणात.

जाळी नाही म्हणून सुती चिंधी आणि झटपट गोंद वापरायचा मोह होतो. नको. तो गोंद सुतावर पडला की एकदम तापतो, बोट भाजतं, वाफ डोळ्यांना झोंबते. शिवाय तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, धक्का बसला की उडतो. उलथन्याचा चटका तर स्वयंपाकघरात अजिबात नको. तो धूर घशाला आणि छातीला वाईट, आणि लेकरं शेजारीच बसलेली असतात.

काही महागड्या गाड्यांची बॉडी पातळ, वाकणारी, आतून रंगवलेली असते. ती पॉलिकार्बोनेटची. तिला कडक इपॉक्सी चालत नाही, वाकली की थर सुटतो. भोक आणि जाळी तीच, पण गोंद सुकल्यावर रबरासारखा राहणारा, बुटाचा तळ चिकटवतात तसा घ्यायचा. आधी कोपऱ्यात थेंब लावून बघा. तिला नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लावू नका, बारीक चिरा पडून ती धुरकट होते.

शेवटी स्क्रू बसवताना बोटानं जेवढे घट्ट होतील त्यापेक्षा थोडेच जास्त आवळा, कारण पुष्कळ तडे स्क्रूच्या भोकापासूनच सुरू होतात. आणि गाडी पत्र्यावर उन्हात ठेवू नका. उन्हानं एबीएस पिवळं पडतं, ठिसूळ होतं, मग नव्या जागी तडकतं.