वाऱ्यावर सोडलेली होडी आणि तळाचा मासा

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तरी आजच्या व्याख्यानाची सुरुवात आम्ही समुद्रातल्या एका माशापासून करणार आहोत. कोकणात ज्याला लेपा म्हणतात, त्याच्याच चपट्या कुळातला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा मासा म्हणजे फ्लाउंडर. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा तो चारचौघांसारखाच असतो, एक डोळा इकडे, एक तिकडे. मग वाढता वाढता एका बाजूचा डोळा कपाळावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा आयुष्यभर एका कुशीवर पडून राहतो. वाळूचा थर अंगावर ओढून घेतो, फक्त दोन डोळे बाहेर. तो शिकारीमागे फार धावत नाही, शिकार जवळून जायची वाट बघतो. पकडणाऱ्याचं सगळं तंत्र या एका सवयीवर उभं आहे: मासा येणार नसेल, तर आमिष त्याच्या तोंडासमोरून न्यायचं.

हे कसं करतात? इंजिन बंद करायचं आणि होडी वाऱ्यावर, ओढीवर सोडून द्यायची. होडीबरोबर आमिष तळावरून सरकत जातं. आमिष म्हणजे जिग. शिशाच्या डोक्यात ओतलेला गळ आणि त्याला हरणाच्या शेपटीच्या केसांचा बांधलेला झुपका. पाण्यात हे केस फुलतात, मिटतात, लहान मासा पोहल्यासारखे दिसतात. शिसं तळाला टेकलं की हात जरासा वर, पुन्हा खाली. टेकल्यावर वाळूचा छोटा ढग उठतो, तो बघून मासा झेप घेतो.

यातली खरी कसरत केसांची नाही, वजनाची आहे. होडी जितकी जोरात सरकते तितकी दोरी तिरपी होते, आणि दोरीवर पाण्याचा दाब येऊन आमिष तळ सोडून वर तरंगायला लागतं. आपल्याला वाटतं आपण तळाशी आहोत, प्रत्यक्षात दोन मीटर वर असतो आणि दिवस फुकट जातो. म्हणून हाताला टेकल्याची टकटक लागली पाहिजे. लागत नसेल तर शिसं वाढवा, नाहीतर होडीचा वेग कमी करा. वेग कमी करायला कापडी पिशवी पाण्यात ओढतात. आपल्याकडे दोरीला बांधलेली बादलीही तेच काम करते. दोरी जाड असली की पाणी तिला जास्त ढकलतं, म्हणून पातळ तंगूस बरा.

एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. हरणाच्या शेपटीचे केस आपल्याकडे विसरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबराचा केससुद्धा खेळण्यातला राहिलेला नाही. पण बोकडाचे केस आणि कोंबड्याची पिसं काही वाईट नाहीत. पाड्यावर दोन्ही फुकट मिळतात.

आता सातपुड्यात येऊ. अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, या दोन तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराने बाधित झाली. इथे मासे मारणारे लोक आहेत भिल्ल, पावरा, तडवी. धरणाआधी त्यांची मासेमारी वाहत्या पाण्याची होती. उथळ धारेत फेकजाळं, खडकांच्या फटीत सापळा, डोहाच्या कडेला गळ. माणूस उभा आणि पाणी चालतं. धरणानंतर पाणी उभं राहिलं आणि माणसाला चालावं लागलं, म्हणजे होडी लागली. फ्लाउंडरवाल्याचा प्रश्न इथे जसाच्या तसा येतो: तळ कुठे आहे, आणि आमिष त्याच्याजवळ ठेवायचं कसं?

पण तळ सारखा नाही. समुद्रातला लेपा सपाट वाळूवर असतो. नर्मदेच्या फुगवट्याखाली दरी आहे. धरणाच्या जवळ पाणी शंभर मीटरच्याही खाली जातं, आणि तिथे गळ टाकून काही उपयोग नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड पाणी त्यात मिसळत नाही, आणि खोलात कुजणारा पाला प्राणवायू खाऊन टाकतो. मासे मग अगदी खोल तळाशी न राहता उतारांवर राहतात. बुडालेल्या टेकडीचा खांदा, नाल्याचं जुनं मुख, उदई नदी जिथे येऊन मिळते तशा जागा. 'तळाचा मासा' म्हणताना आपण या उतारांबद्दल बोलतोय.

इथे चपटा मासा नाही, पण दबा धरणारे आहेत. शिवडा, ज्याला हिंदी पट्ट्यात पडीन म्हणतात, हा मोठ्या जबड्याचा शिकारी मासा दिवसा कपारीत पडून राहतो आणि अंधार पडला की हिंडतो. आंतरराष्ट्रीय यादीत तो आता असुरक्षित गटात आहे, तेव्हा लहान असला तर सोडावा असं आमचं मत. त्याच्याबरोबर शिंगटा, वाम आणि कडेच्या गवताळ पाण्यात मरळ. नावं नदीगणिक बदलतात, वाद घालू नये. केसांची जिग या सगळ्यांपैकी शिवडा आणि मरळ यांच्यासाठी खरी कामाची. वाम गांडूळ मागते. रोहू-कटल्याला जिगचं काही पडलेलं नाही.

तुम्ही विचाराल, मग जाळं का नको? जाळंच आहे की. घर जाळ्यावर चालतं, गळावर नाही. पण उतारावर जाळं टाकलं की ते झाडांत अडकतं आणि फाटतं. या पाण्याखाली जंगल आहे, आणि ते एकदम बुडालेलं नाही. धरणाची भिंत टप्प्याटप्प्याने वाढली. महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली, तिथे १९९३ मध्ये पाणी शिरलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या निकालानंतर भिंत ९० मीटरकडे गेली, २००४ मध्ये ११० च्या पुढे, २००६ नंतर १२१.९२. दरवाजे बंद झाले २०१७ मध्ये आणि १३८.६८ मीटरची पूर्ण पातळी पहिल्यांदा गाठली गेली सप्टेंबर २०१९ मध्ये. म्हणजे या उतारावर जितकं वर याल तितकं लाकूड नवं. जुन्या खोडांची टोकं गळून गेली असतील, वरची अजून काट्यासारखी उभी. अशा जागी जाळ्यापेक्षा एक दोरी बरी. अडकली तर एक गळ जातो, जाळं जात नाही. आणि पाण्यात तुटून राहिलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे मारत राहतं, ते वेगळंच.

हा तळ वाचायचा कसा? शहरी माणूस यंत्र घेऊन येतो. त्या यंत्राला नाव ठेवत नाही, खोली ते उत्तम दाखवतं. पण इथे दुसरी सोय आहे. जलाशयाची किमान पातळी ११०.६४ मीटर ठरलेली आहे आणि पूर्ण पातळी १३८.६८. मधले २८ मीटर कधी पाण्याखाली, कधी उघडे. पाणी दरवर्षी त्या किमान रेषेपर्यंत उतरतंच असं नाही, पण मे महिन्यात बराच उतार उघडा पडतो. तेव्हा चालत जाऊन बघता येतं. इथे शेताचा बांध, इथे घराचा ओटा, तिथे सागाची खोडं, पलीकडे विहीर. पावसाळ्यानंतर तिथेच दहा मीटर पाणी असतं, आणि बांधाच्या पायथ्याशी शिवडा. ज्याचं ते शेत होतं त्याला मे महिन्यातही जावं लागत नाही. आपल्या घराचा ओटा कुठे आहे हे कुणी विसरत नाही. समोरच्या डोंगरावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की होडी थांबवायची, एवढंच. सागरी मच्छीमारही किनाऱ्याच्या खुणा जुळवून अशीच जागा धरतात.

वाऱ्याचं मात्र सांभाळा. नर्मदेची दरी इथे पूर्व-पश्चिम आहे, आणि उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा दुपारनंतर सरळ दरीत घुसतो. समुद्रात होडी सोडून देणं म्हणजे मोकळ्या मैदानात फिरणं. इथे दोन्ही बाजूंना कडे आणि पाण्यात खोडं. होडी नेहमी खोल पाण्यावरून उताराच्या कडेकडेने सरकेल अशी सोडावी, काठावर जाऊन आपटेल अशी नाही. पहाट आणि सकाळ ही कामाची वेळ. २०१९ च्या संक्रांतीला भुशाजवळ भरलेली बोट उलटून लहान मुलांसह माणसं गेली. ती मासेमारीची बोट नव्हती, पण पाणी तेच होतं. जीवरक्षक जाकीट घातल्याने मासा कमी लागत नाही.

आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. हा मासा कुणाचा? जमीन गेली तेव्हा मोबदला जमिनीचा ठरला, पाण्याचा नाही. महाराष्ट्राच्या बाजूला विस्थापित आदिवासींच्या मच्छीमार सहकारी संस्था उभ्या राहिल्या, आणि हा विचार योग्यच होता. पण असा हक्क किती टिकतो ते याच नर्मदेच्या उपनदीवर दिसलेलं आहे. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला १९९६ मध्ये जलाशयातला मासेमारीचा हक्क मिळाला. संघाने चांगलं काम केलं, करार एकदा वाढला, आणि २००६ च्या अखेरीस तो संपल्यावर पुन्हा मिळाला नाही. करारावर चालणारा हक्क कराराबरोबर संपतो.

आणि हक्क मिळाला तरी पाण्याची पातळी कोण ठरवतं? कालव्याला किती सोडायचं, वीजघर किती चालवायचं, वरच्या इंदिरासागर-ओंकारेश्वरमधून किती येणार, या गणितात सातपुड्यातल्या होडीचा रकाना नाही. पाणी आठवड्यात दोन मीटर उतरलं तर मरळीची काठावरच्या गवतातली अंडी उघडी पडतात. काठाला बांधलेली होडी चिखलात बसते. काल ज्या ओट्यावर गळ सोडला, तिथे आज खोडं वर आलेली असतात. पातळीचे आकडे रोज नोंदले जातात. ते आकडे आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज मच्छीमार संस्थेच्या माणसाच्या फोनवर त्याच्या भाषेत आला, तर होडी कुठे सोडायची हे तो आदल्या रात्री ठरवू शकतो. यासाठी नवं धरण लागत नाही, एक संदेश लागतो.

प्रश्न घेऊ या. वजनाबद्दल विचारणार असाल तर ३० ग्रॅमपासून सुरुवात करा, आणि टकटक लागत नाही तोवर वाढवत जा.