फरशी दगडाची, सांधे सिमेंटचे : रसायनरोधक पृष्ठभागांविषयीचे सहा गैरसमज

नव्या फ्लॅटच्या फरशीवर सिमेंटचे डाग राहिले की गवंडी ॲसिड मारतो. डाग जातात, फरशी चकाकते आणि सगळे खूश होतात. पण त्याच ॲसिडने लाद्यांमधले सांधेही खाल्लेले असतात. पुढे त्या सांध्यांतून भुकटी निघू लागते, बाथरूमचे पाणी फटींतून झिरपते आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. सोसायटीत भांडण होते ते वॉटरप्रूफिंगवरून. ॲसिडच्या बाटलीकडे कुणाचे लक्ष जात नाही. रसायनांपुढे कोणता पृष्ठभाग टिकतो आणि कोणता नाही, याबद्दलच्या चुकीच्या समजुती अशा महागात पडतात.

गैरसमज १ : रसायनरोधक फरशी फक्त कारखान्याला लागते.

वस्तुस्थिती : आम्ल घराघरांत असते. लिंबू, चिंच, कोकम, दही, व्हिनेगर ही सौम्य आम्ले ओट्यावर रोज सांडतात. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. इन्व्हर्टरच्या साध्या बॅटरीत गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल असते आणि ती बॅटरी आपण खुशाल मार्बलवर ठेवतो. दूध डेअरीत जमिनीवर सांडलेले दूध आंबले की लॅक्टिक आम्ल तयार होते आणि ते सिमेंटच्या कोब्याला हळूहळू पोखरते. ड्रेनेजच्या बंद चेंबरमध्ये तर जिवाणूच सांडपाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइड वायूपासून गंधकाम्ल बनवतात. म्हणून तिथले काँक्रीट बऱ्याचदा पाण्याखाली नव्हे, पाण्याच्या वरच्या भागात कुजते.

गैरसमज २ : दगड टणक असला की त्याला ॲसिडने काही होत नाही.

वस्तुस्थिती : टणकपणा वेगळा आणि रसायन सोसण्याची ताकद वेगळी. राजस्थानचा कोटा, कर्नाटकातली शहाबादी फरशी आणि आंध्रचा कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. मार्बलही मुळात चुनखडीच. पृथ्वीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने तिचे रूप बदललेले असते इतकेच. या सगळ्यांत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागले की ते विरघळते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. ग्रॅनाइटमध्ये मात्र क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतात, त्यामुळे स्वयंपाकघरातली आम्ले ते सहज सोसते.

काळा कडप्पा आणि काळे ग्रॅनाइट दुकानात अनेकांना सारखेच वाटतात. तेव्हा नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका, थोडा वेळ थांबा, पुसा आणि तुकडा उजेडात तिरका धरून पाहा. चुनखडीच्या दगडावर थेंबाएवढे निस्तेज वर्तुळ उमटलेले असेल. दगडाच्या वरच्या थराची ती झीज आहे, त्यामुळे कितीही घासले तरी ती जात नाही. चकाकी परत आणायची तर तिथे पुन्हा पॉलिशच करावे लागते.

गैरसमज ३ : सीलर मारला की मार्बल सुरक्षित झाला.

वस्तुस्थिती : दगडात मुरणारा नेहमीचा सीलर त्याची सूक्ष्म छिद्रे भरतो. तेल आणि हळद आत मुरायला त्यामुळे वेळ लागतो. पण दगडाचा पृष्ठभाग उघडाच राहतो, आणि लिंबाचा रस त्याच्याशी पूर्वीसारखीच प्रक्रिया करतो. डाग पडणे आणि झीज होणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. सीलर पहिल्यावरचा उपाय आहे, दुसऱ्यावरचा नाही.

गैरसमज ४ : व्हिट्रिफाइड लाद्या बसवल्या, आता चिंता नाही.

वस्तुस्थिती : या लाद्या खरोखर चांगल्या असतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सर्वांत घट्ट गटातल्या लादीची पाणी शोषण्याची मर्यादा ०.५ टक्के आहे. पण जमीन म्हणजे नुसत्या लाद्या नव्हेत. त्यांच्यामधले सांधे साध्या सिमेंट ग्राउटने भरले असतील, तर आम्ल तिथूनच आत शिरणार. सिमेंट मुळातच अल्कधर्मी असते, आम्लापुढे ते टिकत नाही. ओटा, बाथरूम, प्रयोगशाळा, डेअरी अशा ठिकाणी इपॉक्सी ग्राउट वापरावे. भारतीय मानकांतही आम्लरोधक विटांसाठी आयएस ४८६० आणि सांध्यांतल्या रसायनरोधक मसाल्यासाठी आयएस ४८३२ अशी वेगवेगळी मानके आहेत. वीट किंवा लादी घेताना मसाल्याचाही तितकाच विचार व्हायला हवा.

गैरसमज ५ : इपॉक्सी केले की कोणतेही रसायन चालते.

वस्तुस्थिती : सगळ्यांना पुरून उरणारा पदार्थ नाही. इपॉक्सी अल्क आणि सौम्य आम्ले उत्तम सोसते. पण तीव्र नायट्रिक आम्ल किंवा ॲसिटोनसारखे द्रावक त्याला बिघडवते, आणि उन्हात ते पिवळे पडते. सिलिकेटचा मसाला तीव्र आम्लाला दाद देत नाही, पण अल्कापुढे हार खातो. फ्युरान रेझिनचा मसाला आम्ल आणि अल्क दोन्ही सोसतो. याच्या मुळाशी असलेले फरफ्युराल उसाच्या चिपाडापासूनही बनते, हे ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राने लक्षात ठेवण्याजोगे आहे. डेअरीत रोज उकळत्या पाण्याने जमीन धुतात. तिथे उष्णतेने साध्या इपॉक्सीचा थर सुटू शकतो, म्हणून पॉलियुरेथेन मिसळलेला सिमेंटचा थर देतात.

त्यामुळे पुरवठादाराला नेमके विचारा : कोणत्या रसायनापुढे, किती तीव्रतेपर्यंत, किती तापमानाला आणि किती वेळ टिकेल? उत्तर लेखी घ्या. ‘केमिकल प्रूफ आहे साहेब’ एवढ्यावर भागत नाही.

गैरसमज ६ : पृष्ठभाग मजबूत आहे, मग जालीम क्लीनर वापरायला काय हरकत?

वस्तुस्थिती : रसायनरोधक पृष्ठभागाचा मोठा फायदा नेमका उलटा आहे. त्यात मळ मुरत नाही, म्हणून तो पाण्याने आणि सौम्य साबणाने स्वच्छ होतो. जालीम क्लीनरची गरजच कमी पडते. स्टीलचे सिंकसुद्धा ब्लीच किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल साचून राहिले तर खड्डे पडून गंजते. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवा : ॲसिडचे क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

राहिला खर्चाचा प्रश्न. इपॉक्सी ग्राउट साध्या ग्राउटपेक्षा महाग पडते, हे खरे. पण हायड्रोक्लोरिक आम्लातले क्लोराइड झिरपत स्लॅबमधल्या सळईपर्यंत गेले की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे निघतात. ती दुरुस्ती ग्राउटमधल्या फरकापेक्षा कितीतरी महाग असते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर सगळ्या घराला महाग फरशी लावू नका. ओटा, मोरी, बाथरूम आणि बॅटरीची जागा आधी नीट करून घ्या, आणि तिथले सांधे गवंडी कशाने भरतोय ते स्वतः उभे राहून पाहा.