परदेशी गाडीचा प्लग : आकडा कोणत्या कंपनीचा, ते आधी विचारा

सातारा-सांगलीचा मिस्त्री डिझेलमध्ये वाकबगार. ट्रॅक्टर, ट्रक, जीप त्याच्या हातातल्या. पण डिझेलला स्पार्क प्लग नसतोच, त्यामुळे प्लगशी त्याची ओळख झाली ती स्कूटरवर. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बजाजची प्रिया बनत असे. तिचा काळा पडलेला प्लग पॉलिश पेपरने घासून, फुंकर मारून पुन्हा बसवणे घरोघर ठाऊक होते. तीच सवय परदेशी टर्बो गाडीला लावली तर मात्र इंजिन खोलायची पाळी येते.

अशा गाड्या मोजक्याच. २०१६ साली फोक्सवॅगनची पोलो जीटीआय आली, २०२० साली स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या २०० गाड्या तयार अवस्थेत आयात झाल्या. पुण्या-मुंबईतून सेकंडहँड घेतलेली अशी एखादी गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की मालकाचा पहिला प्रश्न असतो, "प्लग कुठला टाकायचा?"

उत्तर द्यायच्या आधी उष्णतेचा हिशेब समजून घ्यावा. प्लगचे टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले पाहिजे. खाली गेले तर काजळी धरते, वर गेले तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटते आणि पिस्टनला भोक पडू शकते. पसरणी घाट टर्बोवर चढताना हा धोका सपाट रस्त्यापेक्षा जास्त. म्हणून लवकर उष्णता सोडणारा 'थंड' आणि धरून ठेवणारा 'गरम' असे प्लगचे प्रकार केलेले आहेत.

खरी फसगत इथेच होते. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमके उलटे, आकडा वाढला की गरम. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मायको म्हणजेच बॉशचे प्लग खपले, त्यामुळे डोक्यात बॉशची भाषा. एनजीकेचा ६, बॉशचा ७ आणि डेन्सोचा २० हे ढोबळमानाने एकाच पायरीचे. एनजीकेचा ६ काढून 'थंड हवा' म्हणून बॉशचा ८ बसवला तर प्रत्यक्षात आणखी गरम प्लग बसला! सबब आकड्याला आकडा जुळवू नये. गाडीचा १७ अक्षर-आकड्यांचा चॅसिस नंबर विक्रेत्याला द्यावा आणि कंपनीने सांगितलेलाच प्लग मागवावा. एक पायरी थंड प्लग घ्यावा तो टर्बोचा दाब वाढवून घेतलेल्या गाडीलाच, तोही ते काम करणाऱ्याला विचारून. मूळ स्थितीतल्या गाडीला थंड प्लग लावणे म्हणजे बाजारपेठेत फिरताना काजळी ओढवून घेणे.

इरिडियमच्या प्लगची मधली तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिला तारेचा ब्रश नको, गेज घालून तिरके दाबणे नको. टर्बोच्या दाबात ठिणगीला उडी मारणे जड जाते, म्हणून अंतर बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर, तरी त्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा. इंजिन थंड असतानाच प्लग काढावा. वॉशरवाला १४ मिलिमीटरचा नवा प्लग हाताने बसेपर्यंत फिरवून मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. टॉर्कचा पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियमच्या हेडचा आटा गेला की प्लगच्या किमतीची गोष्टच राहत नाही.

असा माल सांगली-मिरजेत तयार मिळेलच असे नाही. पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईचे ऑपेरा हाऊस गाठावे लागते, आणि तिथे अस्सलाशेजारी नक्कलही असते. चिनी मातीवरची छपाई पुसट, मधली तार बाजूला सरकलेली, वॉशर सहज निघून हातात येणारा, असा प्लग परत करावा. पक्के बिल घ्यावे. स्वस्ताचे चार प्लग विकून गेलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, हे व्यापाऱ्यांना आम्ही सांगायला नको.

काढलेले जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून मालकाला दाखवावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. चारपैकी एकच पांढरा पडून फोडासारखा झाला असेल, तर नवे प्लग बसवण्याआधी त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासून घ्यावा.