मधल्या घराचे उत्पन्न

1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतले, हे चळवळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो काळा पँथर मुळात ओकलंड शहरातला नव्हे. 1966 साली अलाबामा राज्यातील लाऊंड्स काउंटी या खेडवळ जिल्ह्यात काळ्या मतदारांनी पक्ष काढला, त्याचे ते निवडणूक चिन्ह. 1965 च्या आरंभी तेथे पाचांतील चार माणसे काळी होती आणि मतदार यादीत काळे नाव एकही नव्हते. नाव नोंदवले म्हणून जमीनदारांनी कुळांना हाकलले, ती माणसे महामार्गाकडेला तंबू ठोकून राहिली.

आज आम्हाला लिहायचे आहे ते या जिल्ह्याच्या उत्पन्नाविषयी. 2000 च्या अमेरिकन जनगणनेत लाऊंड्समधील घरांच्या वार्षिक उत्पन्नाचा मध्यक 23,050 डॉलर निघाला. साऱ्या देशाचा 41,994. म्हणजे देशाच्या शंभर रुपयांना लाऊंड्सचे पंचावन्न.

मध्यक म्हणजे सरासरी नव्हे. पाच घरांची वस्ती घ्या. चार घरे वर्षाला चाळीस हजार मिळवतात, पाचवा वाडा दहा लाख. सरासरी निघते दोन लाख बत्तीस हजार, आणि चारही मजूर कागदावर सुखवस्तू होतात! उत्पन्नाच्या क्रमाने घरे उभी केली तर मधल्या घराचे उत्पन्न चाळीस हजारच. आपल्याकडे जिल्ह्याचे ‘दरडोई उत्पन्न’ दरवर्षी छापले जाते ते सरासरीचे. त्यात वाड्याचा पैसा झोपडीच्या नावावर चढतो.

काळानुसार तुलना करायची तर आणखी गोम आहे. 1969 ते 1999 या तीस वर्षांत अमेरिकेतील किमती साडेचार पट झाल्या. तेवढी वाढ वजा केल्याशिवाय जुना-नवा आकडा शेजारी मांडणे ही फसवणूक. ‘कुटुंब’ आणि ‘घर’ हेही तेथे वेगळे मोजतात. एकटी राहणारी विधवा घरात धरली जाते, कुटुंबात नाही. कुटुंबाचा आकडा म्हणूनच फुगलेला दिसतो. शिवाय माणसे निघून जातात. 2000 साली लाऊंड्समध्ये 13,473 लोक होते, 2020 साली 10,311. जाणारे गरीब असतील तर मागे राहिलेल्यांच्या खिशात एक पैसा न पडताही मध्यक वर सरकतो.

2000 पर्यंत दहा वर्षांतून एकदा सरासरी सहा घरांमागे एकाला लांबलचक प्रश्नपत्रिका जात असे. 2005 पासून वर्षभर चालणारे नमुना सर्वेक्षण आहे. एवढ्या लहान जिल्ह्यासाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करून आकडा काढतात आणि शेजारी चुकीची मर्यादाही छापतात. लागोपाठच्या दोन आकड्यांत चार वर्षे सामाईक असतात, म्हणून त्यांची तुलना करू नये. काळ्या आणि गोऱ्या घरांचा मध्यकही वेगवेगळा मिळतो. वर्चस्ववादी देश असूनही ही सोय तेथे आहे.

पण ती सहजासहजी आलेली नाही. 1906 साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी याच लाऊंड्समध्ये घरोघर फिरून जमीन, कूळ, मजुरी यांची पाहणी केली. काम सरकारी कामगार खात्यासाठी होते. अहवाल छापला गेलाच नाही, आणि पुढे तो नष्ट केल्याचे त्यांना कळवण्यात आले. याच डू बॉईस यांना 1946 साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते.

आपल्या देशात काय झाले? जनगणना उत्पन्न विचारतच नाही. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत खेड्यांत एवढेच विचारले, की सर्वाधिक कमावत्याचे मासिक उत्पन्न पाच हजारांखाली, पाच ते दहा की दहाच्या वर. या तीन खणांतून मध्यक कसा काढणार? जातीचे आकडे तर बाहेर आलेच नाहीत. ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी न्यायालयाने 2021 साली आकडेवारी मागितली. राज्याने ती केंद्राकडे मागितली, केंद्राने ‘सदोष’ म्हणून नाकारली, आणि डिसेंबरात याचिकाही फेटाळली गेली. कोर्टात पुरावा आम्ही द्यायचा आणि पुरावा कुलपात सरकारच्या, हा कुठला न्याय?

2025 साली केंद्राने जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी घरांच्या उत्पन्नाचे देशव्यापी सर्वेक्षण 2026 मध्ये करण्याचेही जाहीर केले. दोन्ही वेगळी राहिली तर जातवार मध्यक कधीच निघणार नाही. नमुन्यात अनुसूचित जातींची घरे पुरेशी हवीत, आकडे जिल्हावार हवेत, चुकीच्या मर्यादेसह हवेत. आणि मोजणारा माणूस फेब्रुवारीत बीडच्या वस्तीवर आला तर ऊसतोड कामगाराच्या दाराला कुलूप असेल. त्याला कारखान्याच्या तळावर जाऊन गाठावे लागेल. तेथे कोयत्यामागे मुकादमाकडून घेतलेली उचल उत्पन्नात धरायची की कर्जात, हे सरकारने आताच लेखी सांगावे.